अठ्ठावन्न मिलिसेकंद

२ डिसेंबर २०२४

ग्वाल्हेरला पोहोचलो. गाडी तासभर उशिरा आली, तरी ध्रुव स्टेशनबाहेर, पडावच्या बाजूला स्कूटरला टेकून उभा होता, हातात गजकचा, म्हणजे तीळ-गुळाच्या कुरकुरीत वड्यांचा, डबा. म्हणाला, थंडीत इथे आधी हे खायचं, मग बोलायचं, नाहीतर जबडा जाम होतो. मी खाल्लं. तोंड भरल्यामुळे खोली आहे त्या कंपू भागापर्यंत तोच एकटा बोलत होता.

ध्रुव गिटार वाजवतो आणि 'आडवी गल्ली' हा बँड त्याचा आहे. पाच जण, गाणी स्वतःची, निम्मी मराठी, निम्मी हिंदी. मी त्यांच्या आवाजाचं मिक्सिंग करायचं, कार्यक्रमात आणि सरावातही. बारा वर्षं कोल्हापुरात ऑर्केस्ट्रा, लग्नं आणि गणपतीचे मांडव केल्यावर एकाच बँडचं काम, तेही पगारी, म्हणजे चैनच.

ही जागा अंबरीशमुळे मिळाली. माझ्याआधी इथे तोच होता. आमची ओळख यंदाच्या ऑक्टोबरातल्या पुण्याच्या एका शिबिरातली, तशी जुजबीच. तो इंदूरला गेला आणि जाताना त्याने ध्रुवला माझं नाव सांगितलं. स्वतःचे महागडे हेडफोनही माझ्यासाठी ठेवून गेला. एवढं कोण कुणासाठी करतं?

खोली उषाताईंच्या घरी, वरच्या मजल्यावर. खोलीत शिरताच सवयीने एक टाळी वाजवली. साउंडवाल्यांची खोडच ती, टाळीवरून खोली कळते. ताई खालून ओरडल्या, की आरती सुरू झाली का, मला बोलावलं नाही ते.

४ डिसेंबर

सराव नई सडकेवर, एका गादीवाल्याच्या दुकानावर. त्याच्या जुन्या गाद्या भिंतींना टांगल्यात, त्यामुळे खोली छान कोरडी वाजते. सराव अकरा ते तीन.

सीमंतिनी गाते. सकाळी शाळेत गणित शिकवते आणि खडूचे हात घेऊन सरावाला येते. आवाज खालच्या पट्टीत गडद, वर गेला की कडा धारदार. असा आवाज मिळाला, की हाताला खाज सुटते. दिवसभर इफेक्ट लावून पाहिले. एका कडव्याला आवाज जुन्या टेलिफोनमधून आल्यासारखा चिरका केला आणि ध्रुपदावर एकदम मोकळा सोडला. 'दूर' या एकाच शब्दाला डिले दिला, तोही तालात बसवून, म्हणजे शब्द तीनदा मागे सरकत जातो आणि चौथ्यांदा ढोलाच्या ठोक्याखाली बुडतो. ओळभर डिले ठेवला असता तर चिखल झाला असता. इफेक्ट लोकांच्या लक्षात यायच्या आत काढून घेता आला पाहिजे, एवढंच या कामातलं शहाणपण. सीमंतिनी म्हणाली, की कोल्हापूरचा माणूस इतका बेताने मसाला घालतो हे घरी सांगितलं तर कोणी मानणार नाही.

मग ध्रुवने सांगितलं, की पाचव्या गाण्याला मात्र 'अं-३' लागतो आणि त्याला हात लावायचा नाही. गाण्यात सगळी वाद्यं थांबतात आणि सीमंतिनी एक ओळ नुसती गाते, तेव्हा हा घुमारा द्यायचा. तो अंबरीशने तयार केलेला. एखाद्या जागेत फुगा फोडून तिथला घुमारा रेकॉर्ड करतात, आणि मग कुठलाही आवाज त्या जागेत गायल्यासारखा ऐकवता येतो.

अंबरीशचे हेडफोन लावले. गादीवाल्याच्या माडीवरून मी थेट कुठल्यातरी प्रचंड, थंड जागेत उभा. लॅपटॉपवर त्याचं चित्र पाहिलं. आधी फुग्याचा सुळका, मग कोरी जागा, मग पहिला ठळक परतलेला आवाज आणि मागे विरत जाणारी शेपटी. सुळक्यापासून पहिल्या परतीपर्यंत अठ्ठावन्न मिलिसेकंद. म्हणजे जाऊन-येऊन वीस मीटर, समोरची भिंत दहा मीटरवर.

जागा कुठली, असं विचारलं. ध्रुव म्हणाला, किल्ल्याखालची एक बावडी, पायऱ्यांची जुनी विहीर, अंबरीशनेच सांगितलं. सीमंतिनी माइकची वायर गुंडाळायला लागली.

संध्याकाळी अंबरीशचा फोन. आवाज कसा वाटतो, हेडफोन लावतोस ना, असं आपुलकीने विचारलं. मी विचारलं, जागा कुठली? म्हणाला, किल्ल्यावरचं एक दालन.

९ डिसेंबर

बावडी की दालन, याचा निकाल लागण्याआधीच दुसरं काहीतरी निघालं. आज 'अं-३' सत्तेचाळीस मिलिसेकंद भरला. भिंत आठ मीटरवर. घुमारा रेकॉर्ड केलेला आहे, तो काही लोणचं नाही मुरायला. कोणीतरी फाइल बदलली असणार. पण फाइलची तारीख सप्टेंबरचीच.

लॅपटॉप सरावाच्या खोलीत राहतो. किल्ली ध्रुवकडे.

अंबरीशचा पुन्हा फोन आला. त्याला सांगितलं. तो जराही चकित झाला नाही. म्हणाला, की ध्रुवला दुसऱ्याच्या सामानात हात घालायची सवयच आहे, तू बोलू नकोस, फक्त रोज मोजत जा. आणि आकडा मला कळव.

१२ डिसेंबर

एका कॉलेजात कार्यक्रम झाला. पाचव्या गाण्यात सीमंतिनीची ओळ सुटली आणि मोबाइल धरलेले दोनशे हात खाली आले. ध्रुव खुश. सगळ्यांना बेडई-जलेबी, म्हणजे डाळीच्या पुऱ्या आणि जिलबी, खाऊ घातली.

मी हेडफोनवर ऐकत होतो, म्हणून मला ती शांतता धड उपभोगता आली नाही. छत्तीस मिलिसेकंद. सहा मीटर.

लॅपटॉपला नवा पासवर्ड घातला आणि घरी आणला. ध्रुवने विचारलं, की भैया, घरी कशाला? मी म्हणालो, काम आहे. तो माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिला.

१५ डिसेंबर

लॅपटॉप तीन दिवस माझ्या कपाटात, कपाटाची किल्ली माझ्या खिशात. आज सत्तावीस.

सगळ्यांसमोर ध्रुवला विचारलं. नको होतं विचारायला. तो आधी हसला. म्हणाला, मला माझ्या गिटारच्या सहा तारा धड लावता येत नाहीत, मी तुमच्या कॉम्प्युटरमध्ये काय घुसणार? मग त्याला कळलं, की मी गंमत करत नाही. चेहरा उतरला. म्हणाला, अंबरीशपण शेवटी शेवटी असंच बोलायचा, तुम्हा साउंडवाल्यांचं डोकं त्या हेडफोनमध्ये उकडतं काय?

अंबरीशपण असंच बोलायचा. मग अंबरीशने मला ते का नाही सांगितलं?

१७ डिसेंबर

आज डोकं शांत ठेवून तपासलं.

एक. मोठ्या स्पीकरवर काही फरक पडत नाही. घुमारा पहिल्या दिवशी होता तसाच मोठा. फक्त हेडफोनवर आणि फक्त मी मोजतो तेव्हा तो आखडतो.

दोन. पहिली परत भिंतीची नाही. भिंतीवरून आवाज चकचकीत परततो. ही परत बोथट आहे, वरचे स्वर गिळलेली. असा मऊ आवाज कपड्यांवरून येतो. भरलेल्या सभागृहात माणसांवरून येतो. फक्त हा पुष्कळ माणसांचा नाही. अरुंद आहे. एकाचाच.

बावीस मिलिसेकंद. पावणेचार मीटर.

अंबरीशने आज तीनदा फोन केला. मी आकडा सांगितला नाही, तर म्हणाला, यार, सांग ना, एवढं काय त्यात. त्याच्या आवाजात आपुलकी नव्हती. घाई होती.

१९ डिसेंबर

दोन दिवस हेडफोन लावले नाहीत.

आज दुपारी अंघोळ करून खोलीत आलो, ओल्या हातांनी सवयीने टाळी वाजवली. या खोलीची भिंत पलंगापलीकडे, चार मीटरवर. टाळी तिच्या अलीकडून परतली. बोथट.

पुन्हा वाजवली. फोनवर रेकॉर्ड करून मोजली. अठरा.

लॅपटॉप बंद होता. हेडफोन सरावाच्या खोलीत होते.

ताई चहा घेऊन आल्या, दारात उभ्या राहून बोलत होत्या. त्यांचा आवाज खोलीत सरळ, नेहमीसारखा वाजत होता. फक्त माझाच परततो.

२० डिसेंबर

सीमंतिनीला शाळा सुटताना गाठलं आणि जागेबद्दल विचारलं. ती आधी म्हणाली, की दालनच असेल. मग मी टाळीचं सांगितलं. ती फाटकाशेजारच्या बाकावर बसली आणि सगळं सांगितलं. तिने सांगितलं तसंच लिहितो.

सप्टेंबरात ती आणि अंबरीश शहराबाहेरच्या एका बंद गिरणीत गेले. तिथे जमिनीखाली पाण्याची टाकी आहे, कोरडी, समोरची भिंत चाळीस पावलांवर. ती शिडीने खाली उतरली, माइकजवळ फुगा घेऊन उभी राहिली. अंबरीश वर, झाकणाजवळ, हेडफोन लावून. नियम एकच, तो मलाही माहीत आहे, प्रत्येक साउंडवाल्याला माहीत असतो. घुमारा पूर्ण विरेपर्यंत कुणीही बोलायचं नाही.

फुगा फुटला. शेपटी विरेचना. दहा सेकंद, पंधरा, वीस. दुपार टळलेली, अंबरीशला भूक लागलेली. शेपटी चालू असतानाच तो खाली ओरडला, की झालं, ये वर.

ती वर आली. झाकण लावलं. वाटेत कचोरी खाल्ली.

त्या पहिल्या दिवशी परत एकशे ऐंशी मिलिसेकंदांनी आली होती. समोरची भिंत, बरोबर. मग रोज थोडी थोडी अलीकडे. अंबरीश सीमंतिनीला म्हणायचा, की आपण तिथे दोघंच नव्हतो आणि 'ये' म्हटलेलं तिसऱ्यानेही ऐकलं. हेडफोन लावले, की आपण माइकच्या जागी उभे असतो, म्हणून तो आपल्याकडे येतो. तिला वाटलं, याचं डोकं फिरलं. मी पहिल्यांदा मोजलेली भिंत दहा मीटरवर होती. सीमंतिनी म्हणाली, टाकीत दहा मीटरवर काहीच नव्हतं. खांबसुद्धा नाही.

चार तारखेला संध्याकाळी अंबरीशने तिला फोन केला. बोलला काही नाही. नुसत्या टाळ्या वाजवून ऐकवत होता आणि रडत होता. आनंदाने.

चार तारखेला मी त्याचे हेडफोन पहिल्यांदा लावले.

सीमंतिनीने माझी माफी मागितली.

२२ डिसेंबर

अंबरीशला मी फोन लावला. शिव्या दिल्या. त्याने शांतपणे ऐकून घेतल्या. नाकबूल काहीच केलं नाही.

म्हणाला, त्याला बायको आहे, मार्चमध्ये मूल होणार आहे. माझं लग्न झालेलं नाही हे त्याने पुण्यात विचारून घेतलं होतं म्हणे. मग त्याने उपाय सांगितला, एखादं औषध सांगावं तसा. दुसऱ्या कुणाच्या तरी डोक्यावर हेडफोन चढव, 'अं-३' लाव, पूर्ण ओळ ऐकव. तू सुटशील. तो त्याच्याकडे जाईल. फक्त उशीर करू नकोस.

मी विचारलं, अगदी जवळ आल्यावर काय होतं? म्हणाला, मला माहीत नाही, मी दहा मीटरवर सुटलो.

चौदा. अडीच मीटरही नाही.

ध्रुववर मी उगाच संशय घेतला. दहा दिवस.

२४ डिसेंबर

टाळी वाजवणं बंद केलं. पण चमचा कपाला लागतो, खोकला येतो. प्रत्येक आवाज परत येतो. आता मोजावं लागत नाही. कानाला कळतं. दोन पावलं.

गाडीची तिकिटं पाहिली. कोल्हापूरला जाऊन काय करू? खोली बदलून उपयोग नाही, तो खोलीत नाहीच.

२६ डिसेंबर

सीमंतिनी म्हणाली, दे, मी ऐकते. फुगा मीच फोडला होता. हात पुढे केला होता तिने, खडू लागलेला. मी हेडफोन पिशवीत घातले.

नऊ. दीड मीटर.

खोटं कशाला लिहू — क्षणभर दिले असते.

२८ डिसेंबर

आज मोठा कार्यक्रम होता. ध्रुवने वर्षभर या तारखेची वाट पाहिलेली. दुपारी सभागृहात आवाजाची तपासणी चालली होती. मी 'अं-३' लावत नाही हे पाहून ध्रुव स्टेजवरून उतरून माझ्याकडे आला. चिडला होता. म्हणाला, दे इकडे, मला ऐकू दे काय बिघडलंय, मीच बघतो. मी काही बोलायच्या आत त्याने हेडफोन उचलून डोक्यावर चढवले.

मला फक्त एक बटण दाबायचं होतं. ओळ दहा सेकंदांची. सीमंतिनी स्टेजवरून माझ्याकडे बघत होती. त्याने माझ्यासाठी पडावला गजक आणला होता, हेच का आठवावं —

वायर उपटली. लॅपटॉपवरची फाइल पुसली, तिच्या दोन्ही प्रतीही. आता ती कुणालाच ऐकवता येणार नाही.

ध्रुव ओरडला, सगळ्यांसमोर. बरोबरच आहे त्याचं.

संध्याकाळी पाचव्या गाण्यात ती ओळ आली, तेव्हा मी सगळेच इफेक्ट बंद केले. डिले नाही, घुमारा नाही. सीमंतिनीचा उघडा आवाज, श्वासासकट. सभागृहात कुणी हललं नाही. नंतर टाळ्या थांबेनात. ध्रुव धावत आला आणि मला मिठी मारली. म्हणाला, दादा, हे आधी का नाही सुचलं आपल्याला?

मी टाळी वाजवली नाही.

२९ डिसेंबर

सकाळी अंबरीशचा फोन. आकडा विचारला. फाइल पुसली म्हणालो. त्याने दोनदा खात्री करून घेतली. मग म्हणाला, आता कुठलाच आवाज करू नकोस. तो तुझ्या आवाजावरच येतो. फोन ठेवला.

तेव्हापासून अनवाणी. ताईंना चिठ्ठीवर लिहून दिलं, घसा बसलाय. त्या म्हणाल्या, बरं झालं, मौनव्रत घ्या, आमच्या ह्यांनी कधी घेतलं नाही. ज्येष्ठमध ठेवून गेल्या. त्यांच्या पावलांचा आवाज जिन्यावर सरळ, मोकळा.

माझा श्वास परत येतो. हातभर अंतरावरून.

३० डिसेंबर, सकाळ

सीमंतिनी आणि ध्रुव खाली आलेत. ताईंशी बोलतायत. वर येऊ नका, असं लिहून चिठ्ठी जिन्यावरून सोडली. कागद पडल्याचा आवाज —

तो माझ्या हातापाशीच झाला.

दुपार

हलत नाही. फक्त लिहितो. लिहिण्याला आवाज कुठे असतो —

असतो. पेनाची खरखर. आणि तिची परत. आता दोन्ही एकदमच. वेगळी करता येत नाहीत. अंतर शून्य. म्हणजे आता थांबेल. याहून जवळ काही नसतं.

थांबलं नाही.

परत आधी येतेय. आधी खरखर, मग माझं अक्षर. आत्ताचा पूर्णविराम मी ऐकला, मग दिला.

ध्रुव जिन्यावरून हाका मारतोय. ओ देत नाही. ओ दिली तर —

पुढचं वाक्य मी अजून ठरवलेलं नाही. पण कागदावर ते ऐकू येतंय. छोटं आहे, चार-पाच शब्दांचं. आणि त्यानंतर पेन खाली पड